‘धार’ की ‘घार’: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही काढून बसलो. खालच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे वेगळं लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. ‘ग्राफिटी शिकायचीय? आधी तीन महिने डबा विसरा’ या माझ्या लेखावर (ग्राफिटी म्हणजे भिंतीवर स्प्रेने रंगवलेली अक्षरं, डबा म्हणजे स्प्रे-रंगाचा) साताऱ्याकडच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी लिहिलंय: एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून अक्षरलेखन गिरवून घेण्यात माझी हयात गेली, आणि तुम्ही तीच अक्षरं मोडायला शिकवताय. डबा दाबायला कसलं आलंय कौशल्य? हा सगळा न्यूयॉर्कचा उसना थाट आहे. आणि चौथ्या फोटोत घाटाच्या दगडावर रंग मारलाय, त्याखाली तुम्ही ‘काय हात आहे!’ लिहिलंय, याची लाज वाटायला हवी.

शेवटून सुरुवात करतो, कारण तिथे मला बोलायला तोंड नाही. तो फोटो काढून टाकलाय. रंग मी मारला नव्हता, पण फोटो मी काढला आणि कौतुकाची ओळही मीच लिहिली. आपला काळा दगड दिसतो कठीण, पण असतो खडबडीत. स्प्रेचा रंग त्याच्या बारीक भोकांत जाऊन बसतो. थिनर लावावा तर रंग पातळ होऊन आणखी आत उतरतो, घासावा तर दगडच झिजतो. सिमेंटच्या भिंतीवर निदान दुसरा हात मारून झाकता येतं. गडांवर बदाम कोरणाऱ्यांना मी येताजाता शिव्या घालतो आणि इथे रेघ बघून भुललो. नव्या मुलांनो, सर म्हणतात ते ऐकून ठेवा: मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखायला महाराष्ट्रात 1995 चा वेगळा कायदा आहे आणि त्यात दंडही आहे, कैदही. मालकाची लेखी परवानगी घ्या, भिंत रस्त्यावरून दिसत असेल तर पालिकेतही विचारा. घाट, देवळं, वाडे, गड यांच्याकडे डबा घेऊन फिरकूसुद्धा नका.

आता अक्षरं मोडण्याबद्दल. इथे मात्र मी भांडणार.

ग्राफिटीवाला भिंतीवर स्वतःचं एक टोपणनाव लिहितो. मी सुरुवातीला घेतलेलं नाव होतं ‘धार’. सोसायटीची मागची भिंत, चेअरमनकाकांची सहीची चिठ्ठी खिशात. शिकलो होतो सगळं इंग्रजी अक्षरांचे व्हिडिओ बघून, त्यामुळे पल्लेदार रेघ आणि टोकाला बाण हे डोक्यात पक्कं बसलेलं. देवनागरीत पल्लेदार रेघ कुठली, तर शिरोरेघ. ती मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सपासप ओढली आणि शेवटाला बाण काढला. मागे उभा राहून स्वतःवरच खूश झालो. वॉचमनमामा चहा घेऊन आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “घार काढली व्हय? मग पंख कुठं हायत?”

तुम्हाला एव्हाना हसू आलं असेल. ‘ध’च्या डोक्यावरून रेघ पूर्ण गेली की त्याचा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, हे तुम्ही आठवीच्या पोरांना सांगत आला असाल. मला ते तिशीत, वॉचमनमामांकडून कळलं. तेव्हापासून कुठलंही अक्षर घेतलं की आधी त्यातला असा भाग शोधतो, जो हलवला तर अक्षर दुसरंच होईल. ‘ध’ची गाठ आणि उघडं डोकं. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ, जी गेली की ‘प’ उरतो. ‘ब’चंही तसंच, नाहीतर तो ‘व’. तेवढ्या भागाला हात लावायचा नाही, बाकीचं ताणा, फुगवा, वाकवा. तीन महिने कागदावर काय करायचं, असं लेखाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तर हे करायचं. तुमच्या अक्षरलेखनाच्या तासाशी याचं भांडण आहे असं मला वाटत नाही. तो तास मी मागच्या बाकावर बसून वाया घालवला, हे खरं दुःख.

उसन्या थाटाबद्दल अर्धं मान्य. चार बाण आणि वर एक मुकुट चिकटवला की झाली ग्राफिटी, असं समजणाऱ्यांत मीही होतो. पण न्यूयॉर्कमध्ये हे सुरू झालं ते हस्ताक्षरातूनच. 1971 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘टाकी 183’ या सहीवर बातमी केली. टाकी हे एका पोराचं टोपणनाव, 183 हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. निरोप्याचं काम करत तो शहरभर फिरायचा आणि जाईल तिथे मार्करने नाव लिहायचा. ही मंडळी स्वतःला चित्रकार म्हणवत नसत, ‘रायटर’ म्हणत. पुढे रेल्वेच्या डब्यांवर एकमेकांवर कडी करताना त्या सह्या जाड झाल्या, फुगल्या, एकमेकांत गुंतल्या. शिकायचा क्रमही तोच राहिला: आधी टॅग म्हणजे नुसती सही, मग थ्रो-अप म्हणजे दोन रंगांतली झटपट फुगीर अक्षरं, आणि हात बसल्यावर पीस म्हणजे सावकाश रंगवलेलं मोठं, पूर्ण काम. नवशिक्याला ‘टॉय’ म्हणतात, आणि जुने लोक त्याची वही बघितल्याशिवाय त्याला उभं करत नाहीत. मार्क द्यायला सर नसतात एवढंच.

रोमन अक्षर जमिनीवर पाय रोवून उभं असतं, आपलं दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखं लटकतं. त्यामुळे तिकडच्या युक्त्या जशाच्या तशा इकडे बसत नाहीत. दिल्लीत ‘डाकू’ या नावाने लिहिणाऱ्याची देवनागरी अक्षरं बघितली तेव्हा मला आधी हे जाणवलं, आणि मग मी मोडीकडे वळलो. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचा. टॅगला लागतो तो हाच हात. हल्ली रोज सकाळी मोडीची दोन पानं गिरवतो. वाचता अजून धड येत नाही, तो भाग वेगळा.

आणि डबा दाबण्यातलं कौशल्य. सर, यात भिंतीला काहीच टेकत नाही. ब्रशला कागदाचा अडसर कळतो, इथे हवेत हात. चार बोटं अंतरावरून रेघ बारीक आणि कडक येते, वीतभर मागे गेलात की कडा धुरकटतात. हात रेंगाळला की ओघळ. आधी हात हलवायचा, मग बोट दाबायचं. आधी बोट सोडायचं, मग हात थांबवायचा. हा क्रम चुकला की रेघेच्या दोन्ही टोकांना टपोरा थेंब बसतो. लांब रेघ मनगटातून येत नाही, खांदा आणि गुडघे लागतात. पहिल्या आठवड्यात माझी मांडी दुखली, बोट नाही! शिवाय बारीक आणि जाड रेघेच्या टोप्या, म्हणजे डब्यावरची बोटाने दाबायची तोंडं, वेगळ्या, आणि सगळ्या टोप्या सगळ्या डब्यांना बसत नाहीत. काम संपलं की डबा उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत दाबायचा, नाहीतर टोपी तुंबते.

यासाठी भिंतच लागते असंही नाही. मी सहा महिने एका प्लायवूडवर मारतोय. भरला की रोलरने पांढरा डिस्टेंपर फिरवायचा, वाळला की पुन्हा सुरू. दोन खांबांमध्ये पॅकिंगचं पारदर्शक प्लास्टिक ताणून गुंडाळलं तरी चालतं. तोंडाला कापडी मास्क पुरत नाही, बाष्प अडवणारी काडतुसं लावलेलाच घ्या. मागच्या लेखात हे लिहायचं राहिलं होतं, ती चूक तुम्ही दाखवली नाहीत पण होती.

आता एक काम आहे तुमच्याकडे. ‘धार’ सोडून मी ‘लकेर’ हे नाव घेतलंय. 2009 च्या शासन निर्णयाप्रमाणे आपला ‘ल’ पाकळीचा, आणि मला तोच हवाय, उभ्या दंडाला जोडलेला हिंदी वळणाचा नको. पण अक्षर फुगवलं की दोन्ही पाकळ्यांच्या पोटातली जागा बुजते आणि ‘ल’ची इडली होते. पाकळ्या लहानमोठ्या करून बघितल्या, एक वर चढवून बघितली, जमत नाही. अकरा प्रयत्नांचं पान स्कॅन करून तुमच्या इमेलवर टाकलंय. लाल पेनाने खुणा करून पाठवाल का?