फोटोत माझं कोपर आहे

फोटोत माझं फक्त कोपर आहे. उजवं. त्याच्यापुढे स्टीलचा डबा अर्धा दिसतो आणि डब्यावर कोरलेल्या सासूबाईंच्या नावातली शेवटची दोन अक्षरं स्वच्छ वाचता येतात. म्हणजे माझ्यापेक्षा सासूबाई जास्त आल्या आहेत. मधोमध पांढऱ्या टोपीतले आबा, आबांच्या हातात माझी 'अ‍ॅना कॅरेनिना', आणि आबांच्या खांद्यावर हात टाकून उभा माझा आठ महिन्यांचा जिवलग मित्र. खाली ओळ: "टॉलस्टॉय वाचणारे खूप भेटले. जगणारा आज भुसावळच्या फलाटावर भेटला." दोनशे बारा अंगठे. परवाची गोष्ट, अजून वाढतायत.

आबा कोण, हे मलाही माहीत नाही.

मित्राशी गाठ पडली ती जुन्या कादंबऱ्यांच्या एका ग्रुपवर. तिथे बहुतेक लोक कॉफीच्या कपाशेजारी पुस्तक ठेवून फोटो टाकतात. 'अ‍ॅना'चं पहिलं वाक्य पाठ असणारे शेकडो, आठव्या भागापर्यंत पोचलेले दोनच: तो आणि मी. ही कादंबरी १८७५ पासून मासिकात क्रमशः येत होती. शेवटचा, म्हणजे हाच आठवा भाग संपादक कात्कोवने छापायला नकार दिला आणि टॉलस्टॉयने तो १८७७ मध्ये स्वतःच वेगळा काढला. संपादकाचं बरोबर होतं असं मी रात्री साडेअकराला लिहिलं. पावणेबाराला त्याने मला मूर्ख म्हटलं. दीड वाजेपर्यंत आम्ही मित्र झालो होतो.

आठ महिने हेच. त्याच्या प्रोफाइलला टॉलस्टॉयची दाढी, माझ्या प्रोफाइलला हतनूर धरणावरचा सूर्यास्त. फोनवर कधी बोलायचं नाही असं ठरलेलं. आवाजाने मजा जाते, असं तोच म्हणाला होता. मला पटलं, कारण माझा आवाज वसुलीला फोन करणाऱ्यासारखा आहे असं बायको म्हणते.

कुणी म्हणेल, दोन पावलांवर माणसं सोडून नागपूरचा मित्र कशाला? तर आमच्याकडे कादंबरीचं नाव काढलं की लोक सांगवीकडे बोट दाखवतात. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, 'कोसला' १९६३ ची, हे सगळ्यांना ठाऊक. "वाचली का?" विचारलं तर उत्तर येतं, "अहो, आपल्याच पट्ट्यातला माणूस आहे तो!" जणू यावल तालुक्याची हवा खाल्ली की पुस्तक फुफ्फुसातून आत जातं. तिकडे अमळनेरात साने गुरुजींनी शिकवलं, त्याचंही श्रेय आम्ही सगळे वाटून घेतो. आणि मी ज्या वाचनालयाची वर्गणी भरतो, तिथे परदेशी कादंबऱ्यांचं कपाट आहे. कपाटाला कुलूप आहे. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते जेवायला गेलेत. गेली सहा वर्षं मी विचारतोय, ते जेवतायत. यावर मला खरं तर वेगळं लिहायचं आहे, आणि ते विनोदी नसेल.

असो. मित्र कामानिमित्त मुंबईला निघाला होता. सकाळची गाडी भुसावळला पाच मिनिटं थांबते. ओळखायची खूण म्हणून हातात 'अ‍ॅना', आणि माझ्याकडून भरीत, असं ठरलं. थंडीचे दिवस, वांगी ऐन भरात. आमच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वाचकांना अजून मिळायचंय. बायकोने पहाटे पाचला गच्चीवर तुरीच्या काड्या पेटवून वांगी भाजली, मिरची-लसणाबरोबर ठेचली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याच्या पुऱ्या. "कोण आहे हा माणूस?" तिने धुरात डोळे पुसत विचारलं. "मित्र," म्हटलं. "नाव काय?" ते मला नक्की सांगता येईना. तिने डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

फलाटावर बाकाच्या एका टोकाला आबा बसले होते. मी दुसऱ्या टोकाला.

"कोनाची वाट पाहू रायला भो?"

"मित्राची."

"कोन्या गावचा?"

"नागपूरचा."

"आधी भेटेल हाये का त्याले?"

"नाही."

"मंग मित्र कसा?"

पुस्तकांवरून मैत्री झाली, असं मी सांगितलं. आबांनी ते तपासायला घेतलं. देणंघेणं आहे का? नाही. बांधाला बांध? नाही. सोयरीक? नाही. "मंग तुम्ही भांडता कशावरून?" मी म्हटलं, आठव्या भागावरून. आबांनी मान हलवली. भांडण आहे म्हटल्यावर मैत्री त्यांना मान्य झाली.

तुम्ही कुणाला घ्यायला आलात, असं मी विचारलं. कुणालाच नाही. नातवाला सहाच्या गाडीत बसवून झालं होतं. "फलाटाचं तिकीट धा रुपयाचं. दोन घंटे चालतं. गाडी गेली पंधरा मिन्टात. मंग बाकीचे पैसे काय रेल्वेले देऊ?" म्हणून आबा बसले होते. वसूल करत. रावेरकडे त्यांची केळी, हे त्यांनी न विचारता सांगितलं. भावही सांगितला. भाव सांगताना ते माझ्याकडे असे बघत होते की जणू तो मीच पाडलाय.

मग त्यांनी पुस्तक मागितलं, हातात तोललं, पानं अंगठ्याने फुर्रकन सोडली. "काय हाये यात?"

आता आठशे पानांची कादंबरी फलाटावर कशी सांगायची? मी लेविनपासून सुरुवात केली, म्हटलं शेतकरी माणूस, शेतीचं पटेल. लेविन जमीनदार असतो. एकदा कारभाऱ्यावर संतापतो, तेव्हा लांब दांड्याचा विळा घेऊन मजुरांबरोबर गवत कापायला लागतो, आणि राग निवतो. पुढच्या वर्षी मुद्दाम पुन्हा जातो.

"कारभाऱ्यावर राग आला तं कारभारी बदलावा. गवतानं काय केलं त्याचं?"

मी म्हटलं, कापता कापता त्याला स्वतःचा विसर पडतो, विळा आपोआप चालतो, फार आनंद होतो.

"मजुरी घेतली का त्यानं?"

"त्याचंच शेत, आबा."

"म्हनूनच आनंद होऊ रायला. दुसऱ्याच्या शेतात कापाले लावा, मंग सांगा म्हना आनंद."

या मुद्द्यावर मी आणि मित्र तीन रात्री घालवल्या होत्या, आणि हे आम्हा दोघांना सुचलं नव्हतं. मला थोडा रागच आला. म्हणून मी दुपारच्या जेवणाचा प्रसंग काढला: म्हातारा मजूर वाटीत भाकरी कुस्करतो, पाणी ओततो, मीठ टाकतो, लेविनला देतो, आणि लेविनला ते इतकं गोड लागतं की तो जेवायला घरी जात नाही. इथे आबा पहिल्यांदा गप्प झाले. मग म्हणाले, "हे खरं लिवलं. पान्यातली भाकर भुकेल्या पोटी गोडच लागते." थोड्या वेळाने: "म्हाताऱ्याले काय उरलं मंग?"

"आणि ही बाई?" मुखपृष्ठावर बोट. अ‍ॅनाची गोष्ट मी चार वाक्यांत उरकली, शेवटी तिने मालगाडीखाली जीव दिला हेही सांगितलं. आबांचा चेहरा बदलला. मला वाटलं, हळहळले.

"मालगाडीले टाइम टेबल नसते भो," आबा म्हणाले. "माहा भाऊ लोको शेडात व्हता, मले माहीत हाये. तिले कसं कयलं गाडी येऊ रायली म्हनून?"

दीडशे वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाय का, ठाऊक नाही. भुसावळात मात्र तो येणारच. मी उत्तर जुळवतोय तेवढ्यात गाडी आली. डबा कलंडू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून उठलो आणि आबांना म्हटलं, जरा पुस्तक धरता का? माझ्या हातून झालेली चूक ती एवढीच.

पांढऱ्या बुटातला, गुळगुळीत दाढी केलेला एक माणूस उतरला, पुस्तक पाहिलं आणि थेट आबांच्या पाया पडला. "अगदी असेच असाल असं वाटलं होतं!" मी म्हटलं, "अहो, मी…" वरून कुठली तरी गाडी उशिरा धावत असल्याची घोषणा सुरू झाली, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. ती संपेपर्यंत लेविनवर चर्चा सुरू झालेली. आबांनी मजुरीचा मुद्दा मांडला. मित्राने तोंडावर हात ठेवला. आबांनी मालगाडी काढली. मित्राने डोळे पुसले. मी पुन्हा म्हटलं, "मीच तो." तो म्हणाला, "हो हो, थँक्यू दादा," आणि डबा घेतला. आबांनीही मोठ्या मनाने माझं पुस्तक त्याला दिलं: "घे रे भो, वाच गाडीत." फोटो निघाला. गाडी सुटली.

"चांगला हाये पोरगा," आबा म्हणाले, घड्याळ बघितलं, दोन तास पुरे झाले होते, गेले. त्यांचं नाव विचारायचं सुचलंच नाही.

रात्री मी त्याला तीन परिच्छेदांचा खुलासा पाठवला. भाषा संयमी होती, 'कोपर' हा शब्द चारच वेळा. उत्तर आलं: "अरेच्चा, सॉरी सर! तुमच्या लिहिण्यावरून मी तुम्हाला पंचाहत्तरीचे धरून चाललो होतो." मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. खाली आणखी एक ओळ: "मग ते आबा कोण? त्यांचा नंबर मिळेल का?"

आठव्या भागावर मी ग्रुपवर केवढा मोठा लेख लिहिला होता. अकरा अंगठे. त्यातला एक मेव्हण्याचा, न वाचता दिलेला.

मी लिहिलं: "पुस्तक राहू द्या. डबा कुरिअर करा." दोन निळ्या टिका आल्या आहेत, डबा नाही. बायको रोज विचारते, आणि 'मित्र' हा शब्द उच्चारताना मध्ये जरा थांबते.

मालगाडीचं मात्र डोक्यातून जाईना. पुस्तक तर गेलेलं, म्हणून मोबाइलवरच सातव्या भागाचा शेवट काढून वाचला. अ‍ॅना मालगाडीसाठी आलेलीच नसते. ती फलाटाच्या कडेला असताना ती गाडी येते, एवढंच. हे आबांना सांगायला हवं म्हणून आज सकाळी पुन्हा स्टेशनवर गेलो, दहा रुपये भरले, त्याच बाकावर बसलो. आबा आले नाहीत. दोन मालगाड्या गेल्या. तिकीट तेवढं पुरेपूर वसूल केलं.