गुळाच्या पाण्यावरून रागावलेल्या दादांना

नमस्कार दादा,

तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, लगेच उत्तर लिहायला बसले होते पण तावातावात भलतंच काहीतरी लिहिलं गेलं असतं म्हणून फोन ठेवला आणि झोपले. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. "एक चमचा गूळ पाण्यात विरघळवून मातीला द्या, जमिनीचा सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत साठलेला कार्बन) वाढतो" अशी माझी पोस्ट वाचून दादांनी गच्चीवरच्या मिरचीच्या कुंड्यांना दर चार दिवसांनी एकेक चमचा गूळ विरघळवून घातला, महिन्याभरात मिरची पिवळी पडली, मुंग्या झाल्या त्या वेगळ्याच. आणि त्यांचं म्हणणं असं की "हा सगळा भंपकपणा आहे, साखरेने नायट्रोजन अडकतो हे ॲग्रीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, उद्या मध आणि स्टीव्हिया पण घालायला सांगाल."

तर आधी कबुली. कुंडीच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. पोस्टमध्ये मी "एक चमचा" लिहिलं, पण किती मोठ्या कुंडीला, किती दिवसांनी, हे काहीच लिहिलं नाही. माझी स्वतःची मेथी पण एकदा अशीच पिवळी पडली होती आणि मी आपला पावसावर ठपका ठेवला होता!

काल तुमच्यामुळे वही घेऊन हिशोब मांडला. पाच ग्रॅम गुळात साधारण दोन ग्रॅम कार्बन. जिवाणू त्यातला निम्म्याहून जास्त श्वासावाटे उडवून टाकतात आणि उरलेल्यातून स्वतःचं अंग बनवतात, पण त्यांच्या अंगात दर आठ भाग कार्बनमागे एक भाग नायट्रोजन लागतो आणि तो गुळात जवळजवळ नसतोच, म्हणजे तो मातीतूनच ओढणार. चमच्यामागे अंदाजे 100 मिलिग्रॅम. तुम्ही महिन्यात सात वेळा घातलात, म्हणजे 700. आणि कुंडीतल्या दहा किलो मातीत झाडाला लगेच उचलता येईल असा नायट्रोजन तसाही काहीशे मिलिग्रॅमच असतो. त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर आणखीच ओढाताण. मिरचीच्या ताटातलं जिवाणूंनी खाल्लं, दुसरं काही नाही.

पण भंपकपणा हा शब्द मात्र मी परत करतेय. कारण गुळाची खरी जागा कुंडी नाही, ड्रम आहे. नैसर्गिक शेतीवाल्या पद्मश्री सुभाष पाळेकरांचं जीवामृत, म्हणजे शेताला द्यायचं आंबवलेलं पाणी, आठवा: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, आणि 48 तास सावलीत गोणपाट टाकून ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. (घड्याळाच्या दिशेने ढवळा की उलटं, माझ्या मते हवा आत गेल्याशी मतलब. आणि देशी गाय की जर्सी या वादात मी पडणार नाही, तो कमेंटमध्ये 200 उत्तरं होऊनही मिटत नाही.) यातलं बेसन कशाला, असं मला कित्येक वर्षं वाटायचं, भजी करायची आहेत का! पण बेसनात पाचवा हिस्सा प्रोटीन, म्हणजे दोन किलोत साधारण 70 ग्रॅम नायट्रोजन. गूळ आणि बेसन दोन्हींचा कार्बन मिळून पावणेदोन किलोच्या आसपास. भागाकार केला तर 24 ला 1 येतो, आणि जिवाणूंच्या खुराकासाठी पुस्तकात हेच प्रमाण दिलेलं असतं. वर गोमूत्रातला युरिया, म्हणजे आणखी नायट्रोजन, आहेच. म्हणजे तुम्ही म्हणताय तो नायट्रोजनचा तुटवडा ड्रममध्ये होत नाही, गूळ खाऊन जिवाणू तिथेच वाढतात आणि शेतात जातो तो वाढलेला कळप, गूळ नाही.

आता दुसरी कबुली, ही तुम्ही मागितली नव्हती तरी. "गुळाने जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो" हे माझं वाक्य मी खोडतेय. जीवामृताचा एक ड्रम एका एकराला जातो, आणि एकरी दोन किलो गूळ म्हणजे चौरस मीटरला अर्धा ग्रॅम. एकराची वरची सहा इंच माती साधारण 9 लाख किलो भरते, कर्ब अर्धा टक्का धरला तरी साडेचार हजार किलो झाला, त्यात माझ्या गुळाचा 800 ग्रॅम कार्बन कुठे दिसणार? आणि साखर मातीत टिकतही नाही, एक-दोन दिवसांत फस्त होते. कर्ब वाढवायचा तर पालापाचोळा, पाचट, कंपोस्ट, आच्छादन, याला शॉर्टकट नाही. हाच अर्धा ग्रॅमचा हिशोब बारा इंची कुंडीला लावला तर चिमटीत पण धरता येणार नाही इतका गूळ होतो, आणि आपण घालतोय चमचा, म्हणजे शेताच्या शंभरपटीहून जास्त. तसंही झाड स्वतः मुळांवाटे साखर सोडतच असतं, दिवसभर थोडी थोडी, मुळाजवळच्या जिवाणूंना. आपण एकदम लोटाभर ओततो, मग ते हपापल्यासारखे हवा पण संपवतात आणि कुंडीला निचरा नसेल तर वास सुटतो.

मध आणि स्टीव्हियाचं म्हणाल तर मध पातळ केला की शेवटी साखरच, फक्त खिशाला महाग, आणि स्टीव्हियाची गोडी साखरेची नसते त्यामुळे जिवाणूंना त्यातून खायला फारसं काही मिळत नाही. अमेरिकेतले बागवाले मोलॅसिस वापरतात, ती आपल्याकडची मळी, पण तिच्यापासून अल्कोहोल होतं म्हणून एक्साईजचं नियंत्रण, साखर कारखान्यातून सहज कॅन भरून आणता येत नाही. आमच्या कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर काळा गूळ किंवा काकवी मिळते, तीच बरी. पिवळाधमक गूळ जिवाणूंना दाखवायला कशाला पाहिजे!

एक धोका मात्र तुम्ही लिहिला नाही तो मीच लिहिते. शेण आणि गूळ एकत्र भिजलं की चांगले जिवाणू वाढतात तसे वाईटही वाढू शकतात, कंपोस्ट टीमध्ये (कंपोस्ट भिजवलेल्या पाण्यात) मोलॅसिस घालून झालेल्या प्रयोगांत ई-कोलाय, म्हणजे पोट बिघडवू शकणारा जिवाणू, वाढलेला दिसलाय. म्हणून कोथिंबीर, पालक, सॅलडच्या पानांवर जीवामृत फवारू नका, मातीतच द्या.

तुमच्या मिरचीसाठी: गूळ बंद. एक भाग गोमूत्र, दहा भाग पाणी, आठवड्यातून एकदा मुळाशी. अडकलेला नायट्रोजन कुठे गेलेला नाही, ते जिवाणू मेले की किंवा दुसऱ्या कुणी खाल्ले की तोच परत सुटतो, दोन-चार आठवडे लागतील. आणि मुंग्या आहेत तर पानांच्या खालून मावा (रस शोषणारी बारीक कीड) बघा, माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा.

जुन्या पोस्टमधला चमचा आज रात्री काढून टाकते. नवीन पानं हिरवी आली की फोटो टाका, नाही आली तरी टाका.