लस घेतली म्हणून फ्लू झाला?
‘लस टोचली आणि त्याच आठवड्यात फ्लू झाला’ ही फ्लूच्या लशीवरच्या एका लेखातली तक्रार काही पटली नाही. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतोच, मग तिच्यातून फ्लू होणार कसा? दंड ठणकतो, एखाद-दोन दिवस कणकण वाटते, बस्स. प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी शरीरातली प्रथिनं) तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात. त्याआधी कुठून संसर्ग झाला की खापर लशीवर! (साधं सर्दी-पडसंही लोक फ्लूच्या खात्यात टाकतात, ते वेगळंच.) लस पूर्ण संरक्षण देत नाही, हे लेखकाचं म्हणणं मात्र बरोबर आहे. पसरलेल्या विषाणूशी लस चांगली जुळली त्या वर्षीसुद्धा आजारपणाचा धोका ४० ते ६० टक्क्यांनीच घटतो. पण घरात दमेकरी किंवा गरोदर बाई असेल, तर एवढ्यासाठीही मी दंड पुढे करेन.