शिऱ्याचं मनोगत

शिऱ्याने पन्नाशीनिमित्त ग्रुपवर टाकलेलं ते लांबलचक मनोगत सगळ्यांनी वाचलंय, आणि ज्यांनी नाही वाचलं त्यांनी नुसते हात जोडून केक टाकलाय हेही सगळ्यांना माहितीये, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही; थोडक्यात माझी स्टाईल, बालमैत्री आणि जुना वाडा. शनिवारी कट्ट्यावर त्यावरून जे झालं ते लिहून ठेवतोय, कारण पक्या फोनवर प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगत सुटलाय आणि एकाला तर म्हणे मारामारी झाली असं सांगितलंय. मारामारी वगैरे काही झाली नाही. नंदूने शिऱ्याच्या शर्टाकडे बघून "चुरगळलाय रे, इस्त्री बिघडलीये का घरची?" एवढंच विचारलं, आणि लिननला इस्त्री करायची नसते, तो लुकच तसा असतो, यावर शिऱ्याचं जे सुरू झालं ते आवरेचना.

कट्टा आपला नेहमीचाच, नारायण पेठेतल्या त्या बंद छापखान्याच्या पायऱ्या. शिऱ्या अर्धा तास उशिरा आला. बाणेरहून डेक्कनपर्यंत आला म्हणे व्यवस्थित, पुढे पेठेत शिरल्यावर पी-वन पी-टूच्या पाट्या वाचत फिरत बसला. याच पेठेत वाढलेल्या माणसाला सम तारखेला गाडी कुठल्या बाजूला लावायची ते फोन करून विचारावं लागतं. नंदू म्हणाला, हे लिही की मनोगतात. शिऱ्या आला तो डायरेक्ट अमृततुल्यवाल्या काकांना म्हणाला, "काका, ब्लॅक टी. विदाउट शुगर." काका आलं-वेलदोडे कुटत होते, त्यांचा बत्ता हातातच राहिला. "म्हणजे दूध नको, साखर नको... मग गरम पाणीच देऊ का?" इथेच खरं तर मॅच संपली होती, पण आपल्या लोकांना कळत नाही कुठे थांबायचं.

तर मुद्दा काय होता, मुद्दा काढला मेघाने. तिचा जन्म पेपर तपासण्यात गेलाय त्यामुळे ती सगळं शेवटपर्यंत वाचते, मनोगत पूर्ण वाचलेली बहुतेक ती एकटीच. ती म्हणाली, "शिऱ्या, तू वर लिहिलंयस की मी आज जो काही आहे, माझी स्टाईल, माझं जगणं, सगळं माझं मी घडवलं. आणि खाली लिहिलंयस की बालमैत्री हा माझ्या आयुष्याचा पाया. आता पाया आमचा आणि बिल्डिंग तुझी एकट्याची, असं कसं?"

"पुण्यात असंच असतं," नंदू म्हणाला. "रिडेव्हलपमेंट. जुन्या भाडेकरूंना मागच्या बाजूला वन आरके."

शिऱ्या म्हणाला, "लुक, माय पॉइंट इज," (तो मराठीत भांडायला लागला की आधी इंग्लिशमध्ये रनअप घेतो) "मी लहानपणापासूनच रिबेल होतो. दहावीत मानेवर रुळणारे केस ठेवले म्हणून मला प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढलं होतं. तेव्हा अख्ख्या वर्गात कोणाची हिंमत होती?"

"हो, आणि मग सलूनमध्ये रडत बसला होतास," मेघा म्हणाली. "आमच्या घरासमोरच होतं ते दुकान, मी गॅलरीतून बघत होते. आणि नंद्या शेजारच्या खुर्चीत. तुला वाईट वाटू नये म्हणून त्याने स्वतःचे पण बारीक करून घेतले."

आता इथे खरं म्हणजे गहिवरून यायला हवं होतं, शिऱ्याचा चेहरा तसा झाला पण होता. नंदू म्हणाला, "मला उवा झाल्या होत्या."

मग थोडा वेळ कोणालाच बोलता आलं नाही. पक्याच्या नाकातून चहा आला.

शिऱ्याने हे फारसं मनाला लावून घेतलं असं नाही, पण त्याने गाडी वाड्यावर नेली. वाडा संस्कृती, ती आपुलकी, ते चौकातलं अंगण, दारं कधी बंद नसायची, आजच्या पिढीला काय कळणार इत्यादी. मनोगतातला तो पॅरा तोंडपाठ असावा. नंदूने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "दारं बंद नसायची कारण आत चोरण्यासारखं काही नव्हतं. आणि चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास होता ते लिहायचं राहिलं तुझं. आपली ओळख तिथल्या रांगेत झालीये शिऱ्या. तू टमरेल घेऊन पुढे घुसायचास."

मला विचाराल तर (कोणी विचारलं नाही) नंदूचं हेच बरोबर आहे. आपण काय एकमेकांना निवडलं होतं? वाडा एक, शाळा एक, बाकावर उंचीप्रमाणे बसवलं म्हणून पक्या माझ्या शेजारी आला, नाहीतर पक्याला कोण मुद्दाम मित्र करून घेईल? पुढे मोठेपणी आपण ऑफिसात आणि सोसायटीत आपल्यासारखीच माणसं बघून मित्र जमवतो, ती बरीच असतात, पण त्यांना आपण जे सांगू तेवढंच माहीत असतं. इथे कोणाला काही सांगायची सोयच नाही, सांगायच्या आधी दुरुस्त्या तयार असतात.

शिऱ्या म्हणाला, ते ठीके रे, पण आता अंतरं वाढलीत, ट्रॅफिक बघ, बाणेरहून इथे यायचं म्हणजे एक प्रोजेक्ट होतो. त्यावर मेघा एकदम गंभीर झाली. तिचे वडील आणि नंदूचे वडील पानशेतच्या आधीपासूनचे मित्र. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा दोघं शाळेत होते, नदीकाठच्या पेठांत पाणी भरलं, मेघाच्या आजोबांचं घर गेलं आणि त्यांना इतर पूरग्रस्तांबरोबर गोखलेनगरला जावं लागलं. "तेव्हा गोखलेनगर म्हणजे गावाबाहेर," ती म्हणाली. "माझे बाबा संध्याकाळी सायकल काढून इथे यायचे. लग्न झालं, नोकरी लागली, आम्ही परत पेठेत राहायला आलो, तोपर्यंत येत होते. का, तर नंद्याच्या बाबांबरोबर याच पायऱ्यांवर बसायचं आणि गप्प बसायचं. दोघं काही बोलायचे पण नाहीत. तुझ्याकडे ऑटोमॅटिक गाडी आहे शिऱ्या."

पक्या म्हणाला, "माझे बाबा पण यायचे." कोणी लक्ष दिलं नाही. पक्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. तो आयटीआय करून टेल्कोत लागला, कंपनीचं नाव 2003 मध्ये टाटा मोटर्स झालं, याने व्हीआरएस घेतली, तरी हा अजून टेल्कोच म्हणतो. कुठल्याही वादात त्याचं एकच काम, खारी बुडवणे आणि दोन्ही बाजूंना मान हलवणे.

मग परत स्टाईल. शिऱ्या नंदूला म्हणाला, "तुझा प्रॉब्लेम काये माहितीये का, तू स्वतःला कधी रीइन्व्हेंटच केलं नाहीस. तोच हाफ बुशशर्ट, तोच फिकट निळा रंग. कॉलेजपासून."

आता नंदूचा शर्ट तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. त्याने रेडिमेड कधी घातला नाही, अजून त्याच शिंप्याकडून शिवून घेतो. शिंपीकाका आता पार म्हातारे झालेत, दिसत नाही नीट, गेल्या दिवाळीच्या शर्टाचा खिसा चक्क तिरका लागलाय, इतका की त्यात पेन ठेवलं की ते बगलेकडे झुकतं. मी विचारलं होतं त्याला, उसवून नीट का करून घेत नाहीस? म्हणाला, दुसऱ्याकडून उसवला तर त्यांना कळेल. विषय संपला. पण शिऱ्याला त्याने यातलं काहीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "मला रस्त्यात कोणी ओळखलं नाही असं अजून झालं नाही. बदलू कशाला?"

शिऱ्या काहीतरी म्हणणार तेवढ्यात त्याच्या हातातलं घड्याळ थरथरलं आणि तो ताडकन उभा राहिला. आम्हाला वाटलं चिडला, चालला. पक्या तर "अरे बस रे, मनावर घेऊ नको" म्हणून त्याचा लिनन ओढायला लागला. तर ते घड्याळ म्हणे तासाला एकदा उभं राहायला सांगतं, तब्येतीसाठी. नंदू म्हणाला, "आयला, सर सांगून थकले, कधी उभा राहिला नाहीस."

इथपर्यंत सगळं मजेत होतं. पण शिऱ्या उभ्या उभ्याच बोलायला लागला आणि आवाज जरा वेगळा होता. म्हणाला, "तुम्हाला सगळं हसण्यावारी न्यायचं असतं. 2009 च्या मंदीत तिकडे परदेशात माझी नोकरी गेली, घराचा हप्ता, पोरगी लहान, सहा महिने मी घरात बसून होतो. तुमच्यापैकी कोणाचा फोन आला? बालमित्र ना?"

कोणी काही बोललं नाही. खरंच आला नव्हता.

मग नंदू म्हणाला, "आम्हाला कळलंच नाही रे. ऑर्कुटवर तू टाकलं होतंस, एन्जॉईंग लाईफ, कुठल्यातरी तळ्याकाठी गॉगल लावून. आम्ही म्हटलं एन्जॉय करतोय, कशाला मध्ये कडमडा." आणि मग थोड्या वेळाने, "तसं नुसतं 'वाट लागलीये' लिहिलं असतंस तर पैसे नव्हते माझ्याकडे, पण आयएसडी केला असता."

मी हे लिहितोय ते मुख्यतः या वाक्यासाठी. नंदूचं एबीसीतलं, म्हणजे अप्पा बळवंत चौकातलं दुकान म्हणजे बाइंडिंगचं, पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, पीएचडीचे प्रबंध, काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. तो म्हणतो, आयुष्यभर लोकांची मनोगतं शिवतोय मी. सगळ्यांची गोड असतात, मार्गदर्शकांचे आभार, आईवडिलांचे आभार, आणि मित्रांचे शेवटून दुसऱ्या ओळीत, टायपिंगवाल्याच्या आधी. शिऱ्याच्या मनोगतात 2009 नव्हतंच. लिनन होतं, ट्रेकिंग होतं, 'मी वेळोवेळी स्वतःला शोधत गेलो' होतं.

शिऱ्या बसला. काकांनी न सांगता त्याच्यापुढे साखरेचा, दुधाचा चहा आणून ठेवला आणि तो त्याने पिऊन टाकला, घड्याळाला न विचारता.

एवढ्यावर उठलो असतो तर बरं झालं असतं, पण वातावरण हलकं करायचं म्हणून पक्या म्हणाला, "पण टोपीचं छान लिहिलंयस हां."

झालं. टोपी म्हणजे ती, सलमानमुळे सगळीकडे आलेली, 'फ्रेंड' लिहिलेली. 'मैंने प्यार किया' 89 च्या अगदी शेवटी आला, आमची दहावीची परीक्षा मार्च 90 ला, मधल्या दोन महिन्यांत अभ्यास सोडून सगळ्यांना टोपी पाहिजे होती. शिऱ्याच्या म्हणण्यानुसार 'माझ्या खाऊच्या पैशांतून तुळशीबागेतून घेतलेली ती टोपी, माझं पहिलं स्टाईल स्टेटमेंट'.

"अर्धे पैसे माझे होते," नंदू म्हणाला. मघापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "पेपरच्या लाईनचे. थंडीत पहाटे उठून टाकलेत पेपर. एक दिवस तू, एक दिवस मी, असं ठरलं होतं. आणि माझ्या टर्नला म्हणालास हरवली. विकलीस ना?"

"मी नाही विकली! पक्याच्या भावाने घेतली होती."

"माझ्या भावाची झडती घेतली होती तुम्ही," पक्या म्हणाला. "दप्तर उपडं केलं होतं. तो अजून बोलत नाही नीट तुमच्याशी."

हे सगळं चालू असताना मेघा पर्समध्ये काहीतरी शोधत होती, म्हणजे शोधायचं काही नव्हतं, नुसती शोधत होती. शेवटी म्हणाली, "टोपी माझ्याकडे होती."

एकदम शांत. शिऱ्या घड्याळाकडे बघायला लागला, ते उभं राहायला सांगेल या आशेने बहुतेक.

"माझ्या सायकलच्या कॅरियरला लावून ठेवली होती कोणीतरी. आत चिठ्ठी. आईने बघितली, मला दोन धपाटे घातले, आणि पुढच्याच आठवड्यात बाबांच्या जुन्या पँटींबरोबर बोहारणीला देऊन टाकली. स्टीलची वाटी आली त्यावर. अजून आहे, विरजण लावते मी तिच्यात."

"म्हणजे माझे पेपरचे पैसे," नंदू सावकाश म्हणाला, "ह्याने तुला लाईन मारण्यात घातले. आणि आता दही लागतंय त्याचं. अर्धं दही माझं आहे मेघे."

शिऱ्या लाल झाला होता. "चिठ्ठीत काय... म्हणजे चिठ्ठी ठेवलीयेस का?"

"नाही ठेवली. पण अक्षर तुझं नव्हतं. तुझं अक्षर मला माहितीये, कोंबडीचे पाय. ते अक्षर नंद्याचं होतं."

सगळे नंदूकडे वळले. नंदूची बोलती बंद झालेली मी तरी पहिल्यांदाच बघितली. तो त्या तिरक्या खिशातलं पेन सरळ करत बसला. मग म्हणाला, "मला काय माहीत? हा म्हणाला सुंदर अक्षरात चार ओळी लिहून दे, नाव घालू नको. मी लिहून दिल्या. टोपीचं काही बोलला नव्हता हा. आणि मला म्हणाला होता की पक्याच्या मामेबहिणीला द्यायचीये."

पक्याने हातातली खारी बशीत ठेवली.

"कुठल्या मामेबहिणीला?" तो म्हणाला. "नाव सांग आधी."