तळाच्या संघाला पहिला मान

आमच्या कोल्हापूरच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर फुटबॉलच्या खेळाडू-नोंदणीच्या दिवसांत दरवर्षी तोच वाद पेटतो. ज्या तालमीच्या संघाकडे पैसा, त्याच्याकडे तगडे गडी. बाहेरून आणलेले दोन-तीन जण गोल मारणार आणि पेठेतली पोरं बाकावर बसून राहणार. यंदा एका मित्राने तोडगा काढला. "अमेरिकेत करतात तसं करूया. तळाला राहील त्या संघानं पहिला खेळाडू निवडायचा. तू तिथंच हाईस न्हवं, सांग की सगळ्यांना."

सांगतो. मी डेट्रॉईटजवळ राहतो आणि आमचा लायन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ या पद्धतीचा चांगला-वाईट दोन्ही अनुभव घेऊन बसला आहे.

इथला फुटबॉल वेगळा, हाताने फेकायचा. १९३० च्या दशकात चांगले कॉलेज खेळाडू बड्या संघांकडेच जात. फिलाडेल्फियाचा संघ सतत हरायचा. त्याचे मालक बर्ट बेल यांनी सुचवलं की, खालून सुरुवात करून एकेकाने खेळाडू निवडावा. १९३६ पासून तसंच चालू आहे, यालाच ड्राफ्ट म्हणतात. आज ३२ संघ आहेत आणि एप्रिलमध्ये निवडीच्या ७ फेऱ्या होतात. विजेत्याचा नंबर शेवटी. पंगतीत ज्याच्या पानात काहीच नाही, त्याला आधी वाढायचं.

२००८ मध्ये लायन्सनी १६ पैकी १६ सामने गमावले. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला आम्ही शेजारच्या आजोबांकडे जेवायला होतो. आयुष्यभर मोटारीच्या कारखान्यात राबलेला माणूस. संघ टेनेसीकडून ४७-१० असा हरत होता, बाकीचे उठून स्वयंपाकघरात गेले, पण आजोबा शेवटच्या मिनिटापर्यंत खुर्चीतून हलले नाहीत. मग टीव्ही बंद करून म्हणाले, "एप्रिलमध्ये पहिला नंबर आपलाच." हरणाऱ्याच्या हातात पुढच्या वर्षाची आशा ठेवणं ही ड्राफ्टची खरी देणगी आहे आणि तिला मी कधीच कमी लेखणार नाही.

पहिल्या नंबरावर मॅथ्यू स्टॅफर्ड आला. अस्सल क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा गडी. तो १२ हंगाम खेळला, संघ तीनदा बाद फेरीत पोचला आणि तिन्ही वेळा हरला. २०२१ मध्ये त्याला लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडे दिलं आणि त्याच हंगामात त्याने सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना जिंकला! बदल्यात आलेल्या जॅरेड गॉफलाही २०१६ मध्ये पहिल्या नंबरावर निवडलेलं, पण रॅम्सना तो नकोसा झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये डेट्रॉईटच्या मैदानावर हे दोघे समोरासमोर आले. गॉफ २४-२३ ने जिंकला आणि ३२ वर्षांनी लायन्सनी बाद फेरीतला सामना मारला. आमच्या गल्लीत त्या रात्री कडाक्याच्या थंडीत माणसं अंगणात येऊन ओरडत होती. दोघेही पहिल्या नंबरचे, पण दोघांचं नशीब घर बदलल्यावरच उघडलं.

मधल्या काळात घरात काय बदललं? २०२० मध्ये शीला फोर्ड हॅम्प यांनी लायन्सच्या मालकीण म्हणून सूत्रं हाती घेतली. पुढच्याच वर्षी ब्रॅड होम्स खेळाडू निवडायला आणि डॅन कॅम्पबेल प्रशिक्षक म्हणून आले. पहिल्या वर्षी तीनच विजय मिळाले. दुसऱ्या वर्षी पहिल्या सातपैकी सहा सामने गेले. आधीचे प्रशिक्षक याहून कमी अपयशावर घरी गेले असते. या दोघांना मालकीणबाईंनी हलवलं नाही. वरच्या नंबरांचा फायदा झालाच, नाही कशाला म्हणू? पेनेई सूएल सातवा, एडन हचिन्सन दुसरा. पण आमॉन-रा सेंट ब्राउन ११२ वा. त्याच्या जागेवर खेळणारे १६ जण त्याच्या आधी निवडले गेले होते आणि ती १६ नावं तो आजही ओळीने म्हणून दाखवतो. अशी भूक असलेलं पोरगं चौथ्या फेरीत ओळखायला नजर लागते.

आमच्यापासून तीनेक तासांवर क्लीव्हलंड आहे. १९९९ आणि २००० मध्ये सलग दोनदा पहिली निवड त्यांची, २०१७ आणि २०१८ मध्ये पुन्हा दोनदा. सुपर बोलचं मैदान त्यांनी अजून पाहिलेलं नाही. प्रशिक्षक बदला, क्वार्टरबॅक बदला, हेच तिथे वर्षानुवर्षं चाललं. रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या अभ्यासकांनी तर हिशेब मांडून दाखवलं की वरच्या नंबरासाठी संघ वाजवीपेक्षा जास्त मोल देतात. एका नंबरापायी खालच्या दोन-तीन निवडी सोडून देण्यात बहुतेकदा तोटाच.

आता मित्राच्या तोडग्याकडे येतो. इथला खेळाडू कॉलेजात घडतो. त्याच्यावर कॉलेजं पैसा ओततात, व्यावसायिक संघांना तो तयार मिळतो. ड्राफ्ट फक्त वाटप करतो. कोल्हापुरात वाटायला ताटात आहे काय? शिवाय इथल्या पोराला कुठे जायचं हे विचारत नाहीत. बर्फातल्या गावाने निवडलं तर मुकाट जायचं. शिवाजी पेठेत वाढलेल्या पोराला "तू मंगळवार पेठेकडून खेळ" असं आपण सांगणार? त्याचे काका-आजोबा ज्या झेंड्याखाली शाहू स्टेडियमवर ओरडले, ते सगळं एका यादीसाठी पुसायचं? मला ते मान्य नाही. पेठेचं प्रेम ही आपल्याकडची जमा बाजू आहे. एवढे निष्ठावान प्रेक्षक मिळवायला इथल्या संघांना पिढ्या लागल्या.

बाहेरच्या गड्यांवर मर्यादा घाला, हे मात्र मला पटतं. त्यातून वाचेल तो पैसा कुठे जातो, ते महत्त्वाचं. मित्राला मी उलट एवढंच विचारलंय, की तुमच्या तालमीची १४ वर्षांखालची पोरं सकाळी कुठल्या मैदानावर जमतात, त्यांना शिकवतं कोण, आणि गेल्या पाच वर्षांत तो शिकवणारा किती वेळा बदलला? उत्तर अजून आलेलं नाही.