चावी भाऊकडे आहे, आणि भाऊ हळदीला

कबरस्तानाला कुलूप कशासाठी लावतात हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगा. आतले लोक पळून जाणार आहेत का?

बाबा आता 79 वर्षांचे. गेले सहा महिने एकच धोशा: 'एकदा आजाची कबर बघायचीय.' आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवार पाळायचा, त्यामुळे जायचं तर रविवारीच, आणि रविवारी अख्खी मुंबई-ठाणे अलिबागला पोहायला निघते. बाबांना लाँचची भीती, म्हणून गाडीने. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास. मे महिना. त्या दीड तासाबद्दल मी काही बोलत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल.

गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या आडनावात ते आहेच, शेवटी 'कर' लावून. त्याच गावात जाऊन रस्त्यात थांबून विचारावं लागलं, 'इथे ज्यूंचं कबरस्तान कुठे?' दोघांनी मशिदीमागचं दाखवलं. शेवटी एका शहाळीवालीला कळलं, 'शनवार तेल्यांचा नं? त्यो आंबराईचे मागं.' आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. धंदा बुडून पिढ्या गेल्या तरी पत्ता त्याच नावाने लागतो. बाबांना तेवढ्यानेही भरून आलं. मला नाही.

कारण फाटकाला कुलूप. हे एवढं मोठं, गंजलेलं. शेजारच्या घरात विचारलं. 'चावी भाऊकरं हाय.' भाऊ कुठे? 'हलदीला गेलाय.' कोणत्या गावी? 'येल तो.' भाऊचा फोन लागेना, हळदीत डीजेपुढे कुणाला फोन ऐकू येणार! कबरस्तानाच्या कमिटीतल्या एका गृहस्थांना मुंबईला फोन लावला. ते म्हणाले, आधी कळवायला हवं होतं. अहो, तीन वेळा कळवलं! मग रजिस्टर तरी बघून कबर कितव्या रांगेत आहे ते सांगा म्हटलं, तर शांतपणे म्हणतात, 'रजिस्टर वाळवीने खाल्लं.' कधी खाल्लं? 'बरीच वर्षं झाली.' आणि तेवढ्या वर्षांत नवी वही करावीशी कुणाला वाटली नाही. साधी शंभर पानी वही!

बाबा आमराईच्या सावलीत धोंड्यावर बसलेले, मी तीन तास त्या भाऊच्या मागे. मग एक शेंबडं पोर सायकलवरून आलं आणि म्हणालं, 'मागून जा ना.'

मागची जांभ्याची भिंत पडलेली. तीनएक हात. गुरं आरामात आत-बाहेर करत होती. म्हणजे कुलूप फक्त माझ्या बाबांसाठी.

आत घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या, पायाखाली काय आहे दिसत नाही. बाबांकडे खूण पक्की: 'फणसाखाली.' 1953 साली ते 7 वर्षांचे होते, काकाच्या खांद्यावरून त्यांनी तो फणस पाहिलेला. फणस नाही. तीन बुंधे आहेत, कापलेले. कोणता फणसाचा, कोणता आंब्याचा, मला काय कळतंय!

एका काळ्या दगडावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि नखाने खरवडलं. वर हिब्रू, खाली बाळबोध मराठी. नावाचं पुढचं सगळं झिजलेलं, उरलं फक्त 'जी'. आता आमच्यातली जुनी नावं बघा: आबाजी, सामाजी, एलोजी. म्हणजे अर्धं कबरस्तान आमचे पणजोबा!

आणि संताप कमिटीचाच येतो असं नाही, आमचाच येतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच दोन उंचवट्यांखाली पुरलं, ही दोन हजार वर्षांपूर्वीची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट आमच्या शेंबड्या पोरांनाही तोंडपाठ. कुणी कॅमेरा घेऊन आलं की आम्ही लगेच सुरू. आणि 1953 ची कबर सापडत नाही! 1948 नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली. गेली ती गेली, पोटासाठी माणूस जाणारच. पण जाताना एका कागदावर चार रेघा मारून 'आजा इथे, आजी तिथे' लिहून ठेवायला काय झालं होतं? लोणच्याच्या बरण्या नेल्या म्हणे सोबत. बरण्या!

आता तीच मंडळी ग्रुपवर. मी घामाने निथळतोय, हाताला करवंदीचे ओरखडे, आणि दिमोनाच्या आत्याचा मेसेज: 'फुलं वाहिलीस का? फोटो टाक.' अश्दोदचा चुलतभाऊ: 'लोकेशन पाठव, पुढच्या वर्षी येतोय.' कसलं लोकेशन पाठवू, बुंध्याचं?

बाबा काही बोलले नाहीत. तिन्ही बुंध्यांवर एकेक खडा ठेवला आणि म्हणाले, चल, उशीर होईल.

संध्याकाळी सात वाजता, परत वडखळला अडकलेलो असताना भाऊचा फोन आला. मागे डीजे चालूच. 'दादा, चावी हाय माझेकरं. या.'