खुर्च्यांना साखळ्या कसल्या घालता?

शहराच्या ऐन मध्यातली बाग, आणि परवा तुम्ही, बाग सांभाळणाऱ्यांनी, तिथल्या सगळ्या सुट्या खुर्च्यांना साखळ्या घातल्या. चार-चार खुर्च्यांचा गठ्ठा, हातांमधून ओवलेली साखळी, तिला कुलूप, आणि गठ्ठा वर दिव्याच्या खांबाला जखडलेला. तेही भर दुपारी एक वाजता, आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसं डबा घेऊन खाली उतरतात नेमक्या त्या वेळी! कारण काय, तर लोक खुर्च्या कुठेही नेतात.

अहो, कुठेही नेता याव्यात म्हणूनच घेतल्यात ना त्या? नाहीतर सिमेंटचे ओटे काय वाईट होते?

शहरातल्या मोकळ्या जागांत माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधल्या चौकांत कॅमेरे लावून, चित्रफिती पुन्हा पुन्हा बघून हे कधीच टिपून ठेवलंय. माणूस सुटी खुर्ची आधी दोन-चार इंच सरकवतो आणि मग बसतो. सरकवायची गरज नसली तरी सरकवतो. ऊन टाळायला, मैत्रिणीकडे तोंड करायला, अनोळखी माणसापासून हातभर लांब व्हायला. त्या चार इंचांत ती जागा त्याची होते. आणि तुम्ही त्याच चार इंचांना कुलूप लावलंत!

खुर्च्या चोरीला जातात म्हणे. काही जाणार, काही मोडणार. खरेदी करतानाच दरवर्षीच्या बदलीच्या खुर्च्या खर्चात धरायच्या असतात. रात्री फाटक बंद झाल्यावर गठ्ठे करा, साखळी घाला, कोण नको म्हणतंय? पण सकाळी फाटक उघडणाऱ्या माणसाने पहिलं काम साखळी काढण्याचं करायचं आणि खुर्च्या सावलीत पसरून ठेवायच्या. गठ्ठ्यातून खुर्ची ओढून काढायला लोक संकोचतात, पसरलेल्या खुर्चीवर विचार न करता बसतात. दिवसा राखण बसलेली माणसं करतात. जिथे दोनशे माणसं बसलीत तिथून डोक्यावर खुर्ची घेऊन कोण पळणार आहे? खुर्च्या बांधल्या की माणसं जातात, माणसं गेली की चोर येतात, आणि मग तुम्ही आणखी जाड साखळी आणता.

न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचं तरी दुसरं काय झालं होतं? मॅनहॅटनच्या मध्यात, मोठ्या वाचनालयाच्या पाठीला लागून असलेली बाग, आणि 1970 च्या दशकात तिथे गर्दुल्ल्यांचा आणि गांजा विकणाऱ्यांचा तळ पडला होता. बाग रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती लोखंडी कठडा, त्यात दाट झुडपांची भिंत. बाहेरच्याला आतलं दिसेना, आत गेलेल्याला पटकन बाहेर पडता येईना. व्हाइट यांनी रोगाचं नाव सांगितलं: आत जाण्याची आणि आत बघण्याची सोय नाही. मग झुडपं काढली, वाटा रुंद केल्या, नव्या वाटा फोडल्या, सुट्या खुर्च्या टाकल्या, खाण्याचे ठेले आणले. 1992 मध्ये बाग पुन्हा उघडली आणि दुपारच्या वेळी हिरवळीवर पाय ठेवायला जागा उरेना. आजूबाजूच्या ज्या इमारती बागेकडे पाठ करून होत्या, त्याच बागेकडे तोंड असल्याचं सांगून जागा भाड्याने देऊ लागल्या. तिथल्या स्वच्छतागृहात आजही ताजी फुलं ठेवतात. आपल्याकडच्या स्वच्छतागृहाला कुलूप, आणि चावी ज्याच्याकडे तो सुट्टीवर.

आपल्या बागेभोवतीचा तो मेंदीचा कुंपणवजा कोट तर आधी छाटा. झुडूप तीन फुटांच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि झाडाची खालची फांदी सात फुटांच्या खाली ठेवायची नाही. मधली मोकळी पट्टी म्हणजेच नजर. तिथून आत डोकावून कुणीही ठरवतं, जावं की नको. आत किती बायका बसल्यात हेसुद्धा व्हाइट मोजायचे, कारण जागा बिघडायला लागली की सगळ्यात आधी बायका यायच्या बंद होतात.

आणि ते कारंजं! उद्घाटनानंतर महिनाभर चाललं आणि तेव्हापासून त्यात पाचोळा, बाटल्या आणि डास. पंप जळाला म्हणतात. जळणारच. त्या एवढ्याशा हौदात एवढी उंच धार कुणी बसवली? धार जेवढी उंच, निदान तेवढं अंतर तिच्यापासून हौदाच्या काठापर्यंत सगळ्या बाजूंनी हवं, नाहीतर वाऱ्याने पाणी बाहेर उडतं. इथे रोज उडत होतं, पाणी आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व नव्हता, पातळी खाली गेली, पंप कोरडा फिरला. पंपाचं सील, म्हणजे पाणी गळू न देणारी कडी, पाण्यानेच थंड राहतं, कोरडं फिरलं की काही मिनिटांत करपतं. त्यात गाळणी पानांनी चोंदलेली. गाळणी काढून धुवायला पंधरा मिनिटं लागतात. बांधायला पैसा आहे, आणि रोज पंधरा मिनिटं देणारा एक माणूस ठेवायला नाही!

हिरवळीवर 'बसू नये' ची पाटी का, तर गवत मरतं. भरावाची चिकणमाती टाकून त्यावर लॉन अंथरलंत आणि संध्याकाळी, माणसं यायच्या वेळेला, पाणी सोडता. ओल्या मातीवर पाय पडले की ती विटेसारखी दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही. पाणी पहाटे द्या. पोकळ दातांच्या यंत्राने तीन-चार इंच खोल मातीच्या कांड्या उपसा, भोकांत वाळू लोटा, अर्धी हिरवळ आळीपाळीने विश्रांतीला ठेवा आणि उरलेल्या अर्ध्यावर लोकांना लोळू द्या.

बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. मुळं ब्लॉक उचलतात म्हणून मुळं तोडायची, आणि वादळात झाड पडलं की झाडच धोकादायक होतं म्हणायचं.

जागा लहान आहे ही सबबसुद्धा चालायची नाही. न्यूयॉर्कचंच पॅली पार्क 1967 पासून चालू आहे, क्षेत्रफळ फक्त 4,200 चौरस फूट. मागच्या भिंतीवरून 20 फुटांचा पाण्याचा पडदा, त्या आवाजात रहदारी बुडते. डोक्यावर विरळ सावलीची झाडं, आणि खाली सुट्या खुर्च्या.

सुट्या. साखळी नाही, कुलूप नाही. उद्या दुपारी एकच्या आत त्या साखळ्या काढा.